रग्बीपटूंच्या दारूवर लिहिणाऱ्या ब्रिटिश क्रीडा संपादकांना खुले पत्र

प्रति,
क्रीडा संपादक,
लंडन, कार्डिफ आणि एडिनबरा येथील वृत्तपत्रे

स. न. वि. वि.

राष्ट्रीय संघातले रग्बीपटू दौऱ्यावर दारू प्यायले की तुमच्या पानांवर जे उमटते, त्याबद्दल हे पत्र आहे. तुम्ही त्यावर लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. लिहिलेच पाहिजे. देशाची जर्सी घालणारा माणूस मैदानाबाहेर कसा वागतो, हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे आणि लोक तो तुमच्यामार्फतच बजावतात. माझी तक्रार मोजमापाची आहे. किती वाजले होते, बार कोणता होता, खेळाडूचे लग्न कोणाशी झाले आहे आणि शनिवारी संघ जिंकला की हरला, यांवरून तुमचा मथळा किती मोठा हे ठरते. त्या रात्री कोणाला त्रास झाला, हा प्रश्न बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि जागा कमी पडली की पहिला तोच कापला जातो.

मी मुंबईत राहतो. पावसाळ्यात आझाद मैदानासमोरच्या बॉम्बे जिमखान्यावर, घोटाभर चिखलात चाललेली रग्बी बघत मला या खेळाची गोडी लागली. तुम्ही मराठी वाचत नाही याची मला कल्पना आहे. पण तुमच्या बातम्या वृत्तसंस्थांमार्फत आमच्याकडे येतात, दोन-तीन ओळींत आक्रसतात आणि त्याच दोन-तीन ओळी इथल्या वाचकाच्या मनात कायमच्या राहतात. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. परदेशातले नावाजलेले सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) खेळाडू आमच्या मुलांबरोबर एकाच संघातून खेळले. ही मुले आता या खेळाविषयी सापडेल ते वाचतात, आणि सापडते ते बहुतेक तुमचेच असते. म्हणून मला वाटते की या विषयावर आमच्या भाषेतही नीट बोलले जावे.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या २०११ च्या विश्वचषकापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मोजमापातले सगळे दोष त्या एका महिन्यात उघड दिसतात. १० सप्टेंबरला ड्युनेडिनमध्ये इंग्लंडने अर्जेंटिनाला १३-९ असे कसेबसे हरवले. नेहमीचा कर्णधार लुईस मूडी जायबंदी असल्यामुळे त्या दिवशी कर्णधारपद माइक टिंडलकडे होते. दुसऱ्या दिवशी संघ विश्रांतीसाठी क्वीन्सटाउनला होता आणि रात्री काही खेळाडू एका बारमध्ये गेले. पुढचा सामना आठवडाभर लांब होता. प्रशिक्षक मार्टिन जॉन्सन यांनी सुरुवातीला खेळाडूंची पाठराखण केली. रग्बीपटूने बिअर प्यायली यात धक्का बसण्यासारखे काय आहे, असा त्यांचा सूर होता. पण टिंडलचे लग्न सहाच आठवड्यांपूर्वी राणीची नात झारा फिलिप्स यांच्याशी झाले होते, आणि बारमध्ये तो एका मैत्रिणीशी बोलताना कॅमेऱ्यात दिसला होता. मग पुढचे कित्येक दिवस तुमच्या वाचकांना या विश्वचषकातून दुसरे फारसे काही मिळाले नाही.

ते चित्रण तुमच्यापर्यंत कसे आले, हे न्यूझीलंडच्या न्यायालयात पुढे तपशीलवार नोंदले गेले. बारच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या एका दारवानाने सीसीटीव्हीची फाइल मालकाच्या संगणकातून मिळवली आणि ती विकायचा प्रयत्न केला. गिऱ्हाईक मिळाले नाही, तेव्हा ती सरळ इंटरनेटवर टाकली. त्याला शिक्षा झाली, तो अपिलात गेला आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी डिजिटल फाइल म्हणजे मालमत्ताच होय असा निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी आज तो निकाल अभ्यासतात. तुमच्यापैकी कोणी त्या फाइलसाठी पैसे मोजले नाहीत, हे मी मान्य करतो. पण ती फुकट मिळाल्यावर तिच्यावर उभ्या राहिलेल्या बातम्या कोणी थांबवल्याही नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये फोन हॅकिंगमुळे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र बंद पडले होते आणि नोव्हेंबरात वृत्तपत्रांच्या वर्तनाविषयीच्या लेव्हसन चौकशीची सुनावणी सुरू झाली. म्हणजे खासगी आयुष्याची चोरी आणि लोकहिताची बातमी यांतला फरक तुमच्या देशात त्या वर्षी कोणालाही नव्याने समजावून सांगायची गरज नव्हती. टिंडल कोणाशी बोलत होता, यात लोकहित कोणते होते?

लोकहिताचा प्रश्न त्या बारमध्ये होता, पण तो टिंडलच्या टेबलाशी नव्हता. त्या रात्री तिथे कमी उंचीच्या माणसांना घेऊन ‘मॅड मिजेट वीकएंडर’ नावाचा कार्यक्रम चालला होता. तुमच्या मथळ्यांमध्ये तो ‘ड्वॉर्फ टॉसिंग’ झाला, माणसे उचलून फेकण्याचा खेळ. खेळाडूंनी कोणालाही फेकलेले नाही असे बारचालकांनी सांगितले, तरी तो शब्द जो चिकटला तो चिकटलाच. त्या शब्दावर कोट्या झाल्या, व्यंगचित्रे निघाली. माणसाला वस्तूसारखे उचलण्याची कल्पना करमणूक म्हणून विकली जाते, यात काही गैर आहे का, हा प्रश्न कमी उंचीच्या माणसांनी आणि त्यांच्या संस्थांनी विचारला, पण त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातली जागा आली.

त्यानंतर महिनाभराच्या आत, ऑक्टोबरमध्ये, सॉमरसेटमधल्या एका पबबाहेर कमी उंचीचा एक कलाकार उभा होता. एका अनोळखी माणसाने त्याला मागून उचलले आणि जमिनीवर आदळले. त्याच्या मणक्याला इजा झाली आणि पुढे त्याला चालणे अवघड झाले. रग्बीपटूंच्या त्या बातम्यांवरूनच हल्लेखोराला हे सुचले असावे, असा संशय त्याने स्वतः बोलून दाखवला. तसे सिद्ध झालेले नाही आणि ते सिद्ध झाले असे मीही म्हणत नाही. पण इजा झालेला माणूस स्वतः हे म्हणतो आहे, एवढे तुमच्यासाठी पुरेसे असायला हवे होते. जानेवारी २०१२ मध्ये पीटर डिंकलेज या अभिनेत्याने गोल्डन ग्लोब पुरस्कार स्वीकारताना अमेरिकेत त्याचे नाव घेतले, तेव्हा कुठे जगाने त्याच्याकडे वळून पाहिले. टिंडलच्या त्या रात्रीवर सप्टेंबर ते नोव्हेंबर जेवढा कागद खर्च झाला, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात तरी या माणसाची बातमी आधी मांडता आली असती. ज्या शब्दावर देश हसला, त्याचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडला हे शोधणे क्रीडा वार्ताहराच्या कामात बसत नाही, असे मला कोणी सांगू नये.

आता ड्युनेडिनमधल्या हॉटेलाकडे येतो. त्याच दौऱ्यात तिथल्या एका महिला कर्मचाऱ्याने इंग्लंडच्या तीन खेळाडूंच्या वर्तनाबद्दल तक्रार केली. आरोपाचा गंभीर भाग खेळाडूंनी नाकारला. संघ परतल्यावर नोव्हेंबरात इंग्लंडच्या रग्बी संघटनेने शिक्षा जाहीर केल्या. टिंडलला २५,००० पौंड दंड झाला आणि मुख्य खेळाडूंच्या यादीतून त्याचे नाव काढले गेले. हॉटेलच्या प्रकरणात दोघांना ५,००० पौंडांचा निलंबित दंड झाला, म्हणजे पुन्हा चूक केली नाही तर एक पेनीही भरायची नाही. तिसऱ्यावर कारवाई झाली नाही. उपांत्यपूर्व सामना हरल्यावर इंग्लंडच्याच मनू तुइलागीने ऑकलंडच्या बंदरात फेरीबोटीवरून पाण्यात उडी मारली होती. त्याला ३,००० पौंड प्रत्यक्ष भरावे लागले.

हे आकडे पुन्हा वाचा. राणीच्या नातजावयाच्या रात्रीची किंमत २५,०००. स्वतःशिवाय कोणालाही धोक्यात न घालता पाण्यात मारलेल्या उडीची किंमत ३,०००. आणि कामाच्या ठिकाणी आपला अपमान झाला अशी तक्रार करणाऱ्या बाईच्या प्रकरणात प्रत्यक्ष भरलेली रक्कम शून्य. टिंडलने व्यवस्थापनाला त्या रात्रीविषयी दिलेली माहिती चुकीची निघाली होती आणि शिक्षेत त्याचा वाटा होता, हे खरे आहे. पण अपिलात त्याच दंडाचे १५,००० झाले आणि त्याचे नाव यादीत परत आले. दोन आठवड्यांत दहा हजार पौंड कशाने उतरले? नियम तोच होता, घटना तीच होती, पुरावा तोच होता. मधल्या काळात उतरली ती फक्त तुमची गर्दी. संघटनेने पहिला दंड खेळाडूला लावला खरा, पण तो तुम्हाला उद्देशून होता. आणि जिच्याविषयी पहिल्या पानावर कोणी ओरडत नव्हते, तिच्या तक्रारीचे वजन संघटनेलाही तेवढेच वाटले. वृत्तपत्रांच्या हातात किती ताकद आहे याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. म्हणूनच ती ताकद भलत्या दाराशी खर्च झाली की मला चीड येते.

आणि निकालाचा हिशेब तर त्याच स्पर्धेत, त्याच ऑकलंड शहरात मांडून ठेवलेला आहे. न्यूझीलंडचा उपांत्यपूर्व सामना रविवारी, ९ ऑक्टोबरला होता. गुरुवारी रात्री न्यूझीलंडच्या कोरी जेन आणि इझ्रायल डॅग यांना टाकापुना या उपनगरातल्या एका बारमध्ये पिताना लोकांनी पाहिले. जेनला रविवारी खेळायचे होते. म्हणजे इंग्लंडच्या खेळाडूंपेक्षा त्याचे पिणे सामन्याच्या कितीतरी जवळचे. दोघांनी सहकाऱ्यांची माफी मागितली. न्यूझीलंडने अर्जेंटिनाला ३३-१० ने हरवले. पुढच्या रविवारी उपांत्य सामन्यात जेनने ऑस्ट्रेलियाने उंच मारलेला चेंडू पुन्हा पुन्हा हवेत झेलला आणि संघ २०-६ ने जिंकला. अंतिम सामना ८-७ असा एका गुणाने जिंकून न्यूझीलंड जगज्जेता झाला, आणि तो गुरुवार विस्मरणात गेला. इंग्लंड फ्रान्सकडून १२-१९ हरले आणि क्वीन्सटाउनची रात्र इंग्लंडच्या पराभवाचे कारण ठरली. जॉन्सन यांनी राजीनामा दिला. उपांत्य सामन्यात जेनच्या हातून दोन चेंडू निसटले असते तर टाकापुनाचे काय झाले असते, याची कल्पना तुम्ही माझ्यापेक्षा चांगली करू शकाल.

खरे तर इंग्लंडचे अपयश समजून घ्यायला चांगले साहित्य तुमच्यापैकीच एकाने मिळवले होते. नोव्हेंबरच्या शेवटी ‘द टाइम्स’ने संघाविषयीचे गोपनीय अहवाल छापले. खेळाडूंनीच नाव न देता त्यात प्रशिक्षणातल्या उणिवा, पैशांवरची नजर आणि संघातली दुफळी मांडली होती. दारू त्यात होती, पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून. ही पत्रकारिता मला मनापासून आवडली. ती सप्टेंबरात का झाली नाही, एवढेच विचारावेसे वाटते.

तुमच्या मोजमापाने एखाद्या तरुणाचे काय होते, याचे जुने उदाहरण डॅनी सिप्रियानीचे. मार्च २००८ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदाच सुरुवातीच्या पंधरांत खेळणार होता. त्याच आठवड्यात मध्यरात्रीनंतर मेफेअरमधल्या नाइट क्लबमधून बाहेर पडतानाचा त्याचा फोटो छापून आला आणि प्रशिक्षक ब्रायन ॲश्टन यांनी त्याला वगळले. मित्रांना तिकिटे द्यायला गेलो होतो, प्यायलो नव्हतो, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लंड एडिनबरामध्ये ९-१५ हरले. पुढच्याच आठवड्यात आयर्लंडविरुद्ध त्याला जॉनी विल्किन्सनच्या जागी घेतले, तेव्हा त्याने १८ गुण केले आणि इंग्लंड ३३-१० ने जिंकले. वीस वर्षांच्या मुलाला दाराबाहेरच्या एका फोटोवरून शिक्षा झाली. पण ‘बेजबाबदार’ ही पाटी त्याच्या नावापुढे तुम्ही पुढची दहा वर्षे ठेवलीत.

याच्या उलट, जिथे रागवायला हवे होते तिथे तुम्ही हसलात. फेब्रुवारी २०१० मध्ये वेल्सने स्कॉटलंडला ३१-२४ असे अखेरच्या क्षणी हरवले आणि पहाटे वेल्सचा अँडी पॉवेल संघाच्या हॉटेलातली गोल्फची बग्गी घेऊन एम-४ महामार्गाकडे निघाला. न्यायालयाने त्याला १,००० पौंड दंड केला आणि १५ महिने गाडी चालवायला मनाई केली. वेल्सने त्याला संघाबाहेर काढले. तुमच्याकडे मात्र ती वर्षातली सर्वांत गमतीची बातमी ठरली. नशेतला चालक महामार्गाजवळ एका उघड्या बग्गीत आहे, समोरून पहाटेचा ट्रक येतो आहे, यात गंमत कुठे होती? कोणी मेले नाही हे नशीब.

झॅक गिल्डफोर्डविषयी लिहिताना मात्र माझा राग उतरतो आणि दुःखच राहते. जून २००९ मध्ये जपानमध्ये न्यूझीलंडच्या वीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना पाहायला आलेले त्याचे वडील तिथेच कोसळले आणि गेले. मुलगा विजयाच्या मैदानावरून वडिलांच्या मृतदेहाकडे गेला. त्याच वर्षाअखेर तो ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या मुख्य संघाकडून, खेळू लागला. २०११ च्या विश्वचषकाच्या तोंडावर त्याने दारूची आपल्याला अडचण आहे हे जगासमोर मान्य केले. त्याच स्पर्धेत कॅनडाविरुद्ध त्याने चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. नोव्हेंबरमध्ये रारोटोंगा बेटावर तो विवस्त्र, रक्ताळलेल्या अवस्थेत एका बारमध्ये शिरला आणि त्याने दोघांना मारले. ज्यांना मार बसला त्यांची बाजू आधी यायला हवी, यात शंका नाही. पण मथळ्यांत आधी आली ती त्याची नग्नता. पुढे तो स्वतः आपल्या व्यसनांविषयी मोकळेपणाने बोलला. आजारी माणसाची बातमी करताना जी काळजी तुम्ही गुडघ्याच्या दुखापतीविषयी घेता, डॉक्टरला विचारता, तो बरा व्हायला किती काळ लागेल ते लिहिता, ती काळजी या आजाराच्या वाट्याला का येत नाही? गिल्डफोर्ड, जेन आणि टिंडल ही एकाच बातमीची तीन रूपे नाहीत. एक आजारी होता, एकाने सहकाऱ्यांचा विश्वास मोडला आणि एक सुट्टीच्या रात्री बाहेर गेला होता. तिघांवर एकच शिक्का बसला, तर वाचक या तिन्हींतले काहीच शिकत नाही.

महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर बायका मतदान करतात. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते आणि एक आडवी. त्या मतदानाला उन्हात रांग लावणाऱ्या बाईला कोण किती वाजता प्यायला याच्याशी घेणेदेणे नसते. घरी मार कोणाला बसला आणि मुलांच्या तोंडचा घास कोणी पळवला, हे तिला ठाऊक असते. माझे मोजमाप तिथून आलेले आहे आणि ते तुमच्या खेळालाही लागू पडते असे मी मानतो.

नियम मोडल्याची शिक्षा होऊ नये असा याचा अर्थ नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आयर्लंडला हरवल्यानंतर ऑस्ट्रेलियाचे पंधरा खेळाडू मंगळवारी रात्री डब्लिनमध्ये उशिरापर्यंत पीत राहिले. शनिवारी स्कॉटलंडशी सामना होता. प्रशिक्षक यूएन मॅकेन्झी यांनी सहा जणांना त्या सामन्यातून वगळले, बाकीच्यांना ताकीद दिली आणि ते स्वतः उघडपणे सांगितले. कायदा कोणी मोडलेला नव्हता. संघाची शिस्त मोडली होती आणि तिची किंमत संघाने संघातच वसूल केली. सहा जणांशिवाय ऑस्ट्रेलिया २१-१५ ने जिंकले. ते हरले असते तरी मला तो निर्णय योग्यच वाटला असता.

फ्रान्सचे मात्र २०१८ साली वेगळे झाले. स्कॉटलंडकडून हरल्यावर खेळाडू एडिनबरात रात्री बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी चौकशीसाठी काही जणांना विमानातून उतरवले आणि गुन्हा घडला नसल्याचे सांगून सोडले. तरी प्रशिक्षक जॅक ब्रुनेल यांनी आठ जणांना पुढच्या सामन्यासाठी वगळले. पोलीस आणि विमान असे दोन शब्द बातमीत आल्यावर प्रशिक्षकाला दुसरे काही करणे अवघड असते. फिन रसेल २०२० साली स्कॉटलंडच्या शिबिरातून दारूच्या प्रकरणावरून बाहेर पडला, तेव्हा तुमच्यापैकी अर्ध्यांनी त्याला बंडखोर प्रतिभावंत केले आणि अर्ध्यांनी बेशिस्त. शिबिरातला नियम नेमका काय होता, तो कोणी ठरवला आणि तो खेळाडूंना मान्य होता का, हे शोधणाऱ्या बातम्या फार थोड्या आल्या. वर्षभराने तोच रसेल आणि तेच प्रशिक्षक ग्रेगर टाउनसेंड यांनी मिळून इंग्लंडच्या ट्विकनहॅम मैदानावर १९८३ नंतर पहिल्यांदा इंग्लंडला हरवले. त्यांच्यातले भांडण कसे मिटले, ही खरी शिस्तीची बातमी होती. तिला कोणी पहिल्या पानावर नेले नाही.

शेवटी पैशाविषयी. युरोपातल्या सहा देशांच्या ज्या स्पर्धेचे तुम्ही दरवर्षी वार्तांकन करता, तिच्या नावातच २०१९ पासून बिअरचा ब्रँड आहे: गिनेस सिक्स नेशन्स. युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा कितीतरी वर्षे हायनेकेन या बिअरच्या नावाने ओळखली गेली. न्यूझीलंडच्या जर्सीशी स्टाइनलागर या बिअरचे नाते १९८० च्या दशकात जुळले. फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने खेळात दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून तिथल्या सामन्यांत मैदानावर गिनेसच्या जागी त्याच अक्षरांच्या घाटात ‘ग्रेटनेस’ लिहिले जाते. ज्या खेळात चषकाच्या नावात बिअर आहे, त्यातला मुलगा बिअर प्यायला म्हणून धक्का बसल्याचे लिहिताना, तो धक्का छापणाऱ्या पानाशेजारी जाहिरात कोणाची आहे हेही वाचकाला सांगत जा.

रग्बी आणि दारू यांचा सांधा किती जुना आहे हे आम्हाला भारतातून चांगले दिसते. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी दरवर्षी झुंजतात, तो कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बंद पडताना आपल्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून बनवला आणि १८७८ साली इंग्लंडच्या संघटनेला दिला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. क्लब का ओसरला याच्या कारणांत एक असे सांगतात की सभासदांसाठीचा फुकटचा बार बंद झाला होता. १९८८ साली एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर इंग्लंड ९-६ ने जिंकले आणि त्या रात्री डीन रिचर्ड्स आणि जॉन जेफ्री यांनी नशेत हाच कप एडिनबराच्या रस्त्यावर लाथाडला. तो चेपला. स्कॉटलंडने जेफ्रीवर कित्येक महिन्यांची बंदी घातली. इंग्लंडने रिचर्ड्सला एक सामना बाहेर ठेवले. एकच रात्र, एकच कप, दोन न्याय. आजही ही गोष्ट तुमच्या पानांवर मजेदार आठवण म्हणून छापली जाते. त्या रुपयांचा देश ती वाचत असतो.

फेब्रुवारीत सिक्स नेशन्स पुन्हा सुरू होतील. पहिला चेंडू उडण्याआधी प्रत्येक संघटनेकडे दारूविषयीचा लेखी नियम मागा आणि तो जसाच्या तसा छापा. शिक्षा कोणती, ती कोण ठरवणार, आजारी खेळाडूला उपचार कुठे मिळणार, हे त्यात नसेल तर ते नाही असे लिहा. हॉटेलात, बारमध्ये, विमानात या संघांची सेवा करणाऱ्या माणसांनी तक्रार कोणाकडे करायची, हे संघटनांना विचारा आणि तो पत्ता दर सामन्याच्या आठवड्यात पानावर द्या. आणि पुढच्या वेळी एखादा फोटो तुमच्या टेबलावर आला, तर वार्ताहराला आधी त्या बारमध्ये काम करणाऱ्यांशी बोलायला पाठवा. त्यांनी तक्रार केली तर पहिले पान त्यांना द्या. कोणाचीच तक्रार नसेल, तर तो फोटो परत करा.

कळावे,

रग्बीचा एक मराठी प्रेक्षक,
मुंबई